वाणात दिलेलं अ‍ॅप
माझ्या लेकीनं हैदराबादची सॉफ्टवेअरची नोकरी सोडली अन् तिथंच खोलीवर बसून स्वतःचं अ‍ॅप बनवलं. घरातलं काय सरलं ते त्यात टिपायचं, की किराण्याची यादी आपोआप तयार. वर्ष होत आलं तरी वापरणारी मी एकटीच. जुनी कंपनी तिला परत बोलावत होती. संक्रांतीनंतर उत्तर द्यायचं होतं.

मला बाई राहवलं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना यंदा वाण म्हणून वाटी-डबा दिलाच नाही. तिळगूळ हातावर ठेवला, एकेकीचा फोन मागितला अन् त्यात लेकीचं अ‍ॅप घालून दिलं.

"काऊन वो काकू, यंदा वाण फोनातच?" शेजारीण हसली. पण वाणाला नाही कोण म्हणणार?

सकाळीच लेकीचा फोन. "आई, एका दिवसात बत्तीस जण! पार गुडीहत्नूरसारख्या खेड्यापर्यंतचे! मी कुणाले सांगतलंही नव्हतं, लोकं आपणहून घेऊन राह्यले. कंपनीले नाही म्हणून कळवून टाकलं."

मी फोन ठेवला अन् उरलेला तिळगूळ डब्यात भरला.

रथसप्तमीपर्यंत बायकांनी ते एकेक करून काढून टाकलं. शेजारीण म्हणाली, "रागावू नका काकू, सरलेलं आमाले डब्यातच दिसते."

कंपनीनं ती जागा केव्हाच भरली. बत्तीस जण का गेले, आपलं काय चुकलं, हे लेक अजून मलाच विचारते. मी सांगत नाही. सकाळी चहाचं आधण ठेवलं की अ‍ॅप उघडते, अन् बरणीभर असलेलं मीठही सरलं म्हणून टिपते.