मामाची पहिली फेरी

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. मीही तेच करतो, त्याच्याच हाताखाली शिकलो. आईवडील लवकर गेले, मामा-मामीनं मला वाढवलं. मी तोंडाचा फटकळ आणि हाडाचा नास्तिक, मामा तितकाच देवभोळा. मग वादाला काय तोटा?

मामाचा नियम एकच. दोर बदलले की पहिली फेरी काम करणाऱ्यानंच मारायची, वरच्या मजल्यापासून तळापर्यंत, एकट्यानं. मगच दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा. बटण दाबण्याआधी मामा लिफ्टच्या भिंतीला तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचा.

"ब्रेक तीनदा तपासलास ना? मग आता देवाचं काय काम?" मी चिडवायचो.

"तपासणं माझं काम. तेही त्याच्यावर ढकललं तर तो आळशीपणा झाला. तपासून जे उरतं, ते त्याचं."

"पण तो आहे याला पुरावा काय?"

"माझ्या मागून लिफ्टमध्ये शिरताना तू ब्रेक उघडून बघतोस का?"

"नाही. पण तू डोळ्यांना दिसतोस तरी."

"हा मुद्दा मात्र बरोबर आहे हं," मामा हसून म्हणायचा. हरला तर सरळ कबूल करायचा. मला ते कधी जमलं नाही.

मग मामी आजारी पडली. पाच महिने मामानं रोज तिच्यासाठी हात जोडले. ती गेली, आणि त्याच आठवड्यात मी पचकलो, "कुठं होता तुझा देव?" मामा उठून आत गेला.

महिन्याभरानं मामी होती त्याच दवाखान्यातल्या लिफ्टचे दोर बदलायचे होते. मामीला याच लिफ्टनं वर नेलं होतं. काम संपलं. मामा आत शिरला आणि हात खिशात घालून उभा राहिला. पंधरा वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होतो. आता मात्र जिंकल्यासारखं वाटेना. बायको गेलेल्या माणसाचा उरलासुरला आधार मी माझ्या जिभेनं काढून घेतला होता.

"मामा, हात टेकवला नाहीस."

"देवाचं नि माझं बोलणं बंद आहे," तो म्हणाला. "महिनाभर तुझं खरं धरून चाललो. वर कुणी नाही म्हटलं. मग मला राग कुणाचा येतोय? ठेच लागली म्हणून कुणी दगडाला जाब विचारत नाही. मी तर रोज उठून विचारतोय, तिलाच का नेलंस? ऐकणारा कुणी आहे, असं आत कुठंतरी पक्कं वाटतं, म्हणूनच ना?"

"याला पुरावा म्हणत नाहीत," मी सवयीनं बोलून गेलो.

"नाहीच म्हणत. आणि ती का गेली, याचं उत्तरही माझ्याकडे नाही, बाबा. पण विचारणं काही मी सोडणार नाही."

"मग विचार ना. खिशात हात घालून काय उभा राहिलास?"

मामा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं हात काढला आणि भिंतीला टेकवला. एरवी तो क्षणभरच थांबायचा. त्या दिवशी बराच वेळ त्याचे ओठ हलत होते, कपाळावर आठ्या होत्या. चांगलंच झापत होता तो वरच्याला.

नियम मोडून मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो रागावला नाही. त्यानं बटण दाबलं.

मी अजूनही नास्तिकच आहे. पण त्या दिवशी खाली येताना मला मामाचा हेवा वाटला. मामी माझीही होती, आणि मला भांडायला कुणीच नव्हतं.