आयुधपूजेला उभी राहिलेली गाडी

सेल्फ दाबला. इंजिन घर्र घर्र फिरलं आणि गप्प झालं. परत दाबला, परत तेच. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर शेवंतीची माळ, समोर फोडायला आणलेला कोहळा, कंपाउंडाला टेकून अर्धी गल्ली. आणि गाडी काही ऐकायला तयार नाही.

हे बेंगळूरच्या मल्लेश्वरमात, आयुधपूजेच्या, म्हणजे तुमच्या खंडेनवमीच्या सकाळी. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. गाडी अमेरिकन, युद्धाच्या आधीची, सहा सिलिंडरची. मालक देशपांडे साहेब, पुण्याचे, इथं सरकारी कारखान्यात इंजिनियर. मेकॅनिक मी. इथल्याच शिवाजीनगरात माझं गॅरेज होतं. आमचं घराणं बेंगळूरात कैक पिढ्यांचं, त्यामुळं माझ्या मराठीत कानडी घुसायचं आणि साहेबांना हसू यायचं. शिक्षण म्हणाल तर चौथी नापास. पण इंजिन कधी सर्टिफिकेट मागत नाही.

साहेबांनी ही गाडी एका कॉफीच्या मळ्यातून लॉरीवर घालून आणली. आत कोंबड्या राहत होत्या. मागच्या सीटवर अंडी निघाली. साहेबांनी घरामागच्या शेडमध्ये ती उतरवली, मला बोलावलं आणि विचारलं, "शंकरअण्णा, होईल?"

मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडलं. इंजिन जाम. पण काय इंजिन! लांब, सरळ, वर सहा प्लग एका ओळीत बसलेले. प्लग म्हणजे ठिणगी पाडणारी वस्तू. खाली लोखंड, मध्ये चिनी मातीचा पांढरा खांब, वर पितळी नट. त्या नटाला करंटची वायर येते. इंग्लिश गाड्यांत मी पाहिलेले प्लग बाजूला, अंगचोर. हिचे मात्र वर, देव्हाऱ्यात देव बसवावेत तसे. मी म्हणालो, "होईल."

दीड वर्ष लागलं. दर रविवारी मी सायकलवर जायचो. स्पेअर पार्ट इथं मिळायचे नाहीत, अमेरिकेहून मागवायचे तर परवानगीचे कागद. मग आम्ही केले. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला पातळ पत्रा, आमच्या बाजारातल्या तांबटाकडून कापून घेतलं. तो दिवसभर घागरी ठोकायचा. त्यानं विचारलं, "हे कुठल्या भांड्याचं झाकण?" गाडीच्या दरवाजातल्या लाकडाला वाळवी लागली होती, ते सागाचं नवीन केलं. साहेब स्वतः व्हॉल्व घासायचे. पांढरा शर्ट काळा व्हायचा आणि माणूस खूष. त्यांच्याकडे गाडीचं इंग्रजी मॅन्युअल होतं. ते वाचून दाखवायचे आणि मी म्हणायचो, "पुस्तक बाजूला ठेवा साहेब, इंजिन काय म्हणतं ते ऐका." आमचं भांडण याच्यावरच. दुसरं कुठलं नाही.

घरात विरोध एकच. साहेबांच्या पत्नी. मी त्यांना अक्का म्हणायचो. त्यांना त्या शेडमध्ये शिवणाचा क्लास काढायचा होता. मशीन येऊन पडलं होतं स्वयंपाकघरात. एका रविवारी त्या चहा घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या,

"शंकरअण्णा, आयुधपूजेला ही स्वतःच्या पायांनी गेटाबाहेर गेली तर पुढच्या पोर्चमध्ये राहू दे. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी गुजरीवाला येईल. सांगून ठेवलंय मी."

गुजरीवाला म्हणजे आमच्याकडचा भंगारवाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अक्का, जाणार म्हणजे जाणार. नाही गेली तर हा शंकर परत पाना हातात धरणार नाही."

त्या गेल्यावर साहेब म्हणाले, "अहो, शपथ कशाला घेतलीत?"

"चालणार म्हणून घेतली."

आणि चाललीच. पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी इंजिन चालू झालं. एकदा धूर सोडला, खोकलं, मग असं मऊ फिरायला लागलं की मडगार्डवर ठेवलेला चहाचा कप हलेना. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल. धूर होता.

आणि आता सकाळी ही अशी.

शेजारचे मूर्ती, कानडी मास्तर, कंपाउंडावरून म्हणाले, "स्वल्प ढकला. ढकलली की सगळं चालतं."

"ती बस नाही, मास्तर," मी म्हणालो.

पेट्रोल बघितलं. येत होतं. बॅटरीची वायर घट्ट केली. डिस्ट्रिब्युटर उघडला. तो प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटून देतो. तोही साफ. परत सेल्फ दाबला. आता बॅटरीही दमायला लागली.

साहेब हळूच म्हणाले, "कालपासून कुणी हात लावलाय का?"

"कुणी नाही."

"बघू का मॅन्युअलमध्ये?" त्यांनी पान काढलं. "पहिलंच लिहिलंय. प्लगची चिनी माती स्वच्छ आणि कोरडी..."

"साहेब, ते पुस्तक अमेरिकेत लिहिलंय. त्यांना आमची हवा काय माहीत! कार्बोरेटर खोलतो."

अक्का पायरीवर आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट खाली ठेवून त्या पुढं आल्या आणि बॉनेटमध्ये वाकल्या.

"शंकरअण्णा, ह्या सहाजणांना कुंकू कुणी लावलं?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

मीच लावलं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन. माझ्या उस्तादाची रीत होती, आयुधपूजेला पान्यांना, हातोडीला, इंजिनाला कुंकू. आमचं कुलदैवत बालाजी, म्हणून कुंकू पाण्यात कालवून सहाही प्लगांना उभा नाम, म्हणजे वैष्णवांचा उभा टिळा ओढला. वरच्या पितळी नटापासून खालच्या लोखंडापर्यंत, चांगला जाड. इतके सुंदर दिसत होते की हात आवरला नाही.

करंट पाण्यासारखा असतो, सोपी वाट मिळाली की तिकडं जातो. त्या काळात प्लगवर रबरी टोपी नसायची. ठिणगी पडायच्या जागी करंट ओल्या कुंकवावरून सरळ खाली लोखंडात उतरत होता. गाडी बिघडलीच नव्हती. तिला मी अडवलं होतं.

"पुसा," अक्का म्हणाल्या.

पुसायला फडकं सापडेना. पूजेसाठी त्यांनीच मला नवीन पंचा दिला होता, खांद्यावर होता. त्यानंच सहाही प्लग पुसले. नंतर पेट्रोलनं धुतले, सुकू दिले. बॅटरी संपली होती, म्हणून पुढून हँडल घातलं. पहिला फेरा रिकामा. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन चालू झालं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यात कोहळाही फोडून टाकला.

साहेब स्टिअरिंगवर, मी बाजूला, अक्का मागं, जिथं अंडी निघाली होती तिथं. चारही लिंबं चिरडून गाडी गेटाबाहेर पडली. रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो.

येताना मी मान न वळवता म्हणालो, "अक्का, तुम्ही बोलला नसता तर उद्या शेड तुमची होती."

"शेड तर आजच मिळाली. गाडी पोर्चमध्ये. आणि कोंबड्यांची घाण दोन दिवस मी धुतलीय, शंकरअण्णा. गुजरीवाल्याला देण्यासाठी?" मग म्हणाल्या, "शंकराची आडवी विभूती लावली असतीत तर?"

मी विचार केला. नट वर राहिला असता, लोखंड खाली, मध्ये कोरडी जागा. "तर चालली असती."

साहेब एवढे हसले की गाडी फुटपाथला लागता लागता राहिली.

पुढं बरीच वर्षं गॅरेज चालवलं. चालू होत नाही म्हणून कुणी गाडी आणली की मी बॉनेट उघडायच्या आधी विचारायचो, "शेवटचा हात कुणी लावला?" गिऱ्हाईक म्हणायचं, "कुणी नाही." मी आधी प्लग बघायचो.