कण्हायला येणाऱ्या मावशी

“तुझ्याकडे कुणी कण्हतंय का?” मीटिंगमधल्या एका सहकाऱ्याचा आवाज हेडफोनमध्ये आला.

“कबुतरं आहेत,” मी म्हणाले आणि माइक बंद केला.

मागे सोफ्यावर कुशीला वळून पडलेल्या शेजारच्या मावशींनी एक डोळा उघडला. “मी कबुतर काय गं?”

करंजाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारणी साखर मागायला येतात, गप्पा मारायला येतात. मावशी कण्हायला यायच्या. त्यांचा कॅन्सर कमरेच्या हाडांत उतरला होता. मुलगा न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. तो घरी असेपर्यंत त्या दात आवळून सीरियल बघायच्या. तो ड्युटीवर गेला की माझी बेल वाजायची.

“जरा कन्हून घेते. तू तुजं काम कर.”

मला धीर द्यायला जमत नाही. शब्द आधी इंग्रजीत येतात आणि तोंडापर्यंत येऊन परत जातात. मावशींना शब्द नकोच असायचे. मी कमरेखाली गरम पाण्याची पिशवी सरकवायचे आणि लॅपटॉपकडे वळायचे. थोड्या वेळाने त्या उठून पदर सारखा करायच्या. “झालं. आता रातपर्यंत पुरंल.”

संध्याकाळी घर शांत झालं तरी ते कण्हणं माझ्या कानात राहायचं. त्या दिवसांत मीही थकले होते.

त्यांच्या मुलाला मी दादा म्हणायचे. एकदा विचारलं, “दादांना का नाही सांगत?”

“येवढी मोठी गाडी त्याच्या हातात. आई कन्हते, हे डोक्यात घेऊन हायवेला जाईल? नाय गं.”

अंगात ताप असताना “जरा कोमट आहे” म्हणणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील.

आता त्या नाहीत. पण दुपारचं येणं त्याआधीच थांबलं होतं. आपल्याच घरी त्या शांत झोपू लागल्या होत्या. ते ज्या दिवसामुळे झालं, तो सांगते.

रिपोर्ट वाचायला दादा मला दवाखान्यात सोबत न्यायचे. डॉक्टरांच्या टेबलावर एक कार्ड होतं, हसऱ्या तोंडापासून रडक्यापर्यंत ओळीने चेहरे काढलेलं. जेवढं दुखतं त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. त्यावरून औषध ठरायचं. मावशी दरवेळी मुलाकडे बघत हसऱ्यावर बोट ठेवायच्या. “रडक्या तोंडाला कोन हात लावील, डॉक्टर?” डॉक्टर हसायचे, दादाही हसायचे.

त्या दिवसाच्या आदल्या दुपारी त्यांनी माझ्या उशीचा अभ्रा दातांनी फाडला होता. तरी बोट हसऱ्यावरच गेलं.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “मग गोळ्या तेवढ्याच ठेवू.”

दादांचे खांदे सैल झाले. टेबलाखाली मावशींनी माझा हात घट्ट दाबला. गप्प राहा, एवढंच त्यात होतं.

मी हात सोडवून घेतला.

“डॉक्टर, त्यांना खूप दुखतं,” मी म्हणाले. “दादा ड्युटीवर गेले की त्या माझ्याकडे येऊन कण्हतात.”