घरच्या बोटीला पट्टी नाही

धक्क्यावर त्याला सगळे ‘सूतभर’ म्हणायचे. बोटींना मागून आउटबोर्ड मोटर बसवणारा मिस्त्री तो, आणि तोंडात एकच वाक्य, “सूतभर इकडचं तिकडं झालं तर मिशी उतरवीन!” मिशी होतीही चांगली भरघोस, पैजेला शोभणारी.

आणि खोटं कशाला बोला, काम तसंच चोख. गिऱ्हाइकाची बोट आली की आधी ती लाकडी ठोकळ्यांवर चढायची. मग मागच्या फळीचा बरोबर मध्य काढायचा, मोटर टांगायची आणि तळाला लांब पट्टी लावून वाकून बघायचं. पंख्याच्या वर एक आडवा पत्रा असतो, तो तळाच्या रेषेत आला पाहिजे. फार खाली गेला तर मोटर पाणी ओढत बसते. वर राहिला तर वळणावर पंखा हवा पकडतो, इंजिन बोंबलतं आणि बोट जागची हलत नाही. हे सगळं तो तीनदा मोजायचा. गिऱ्हाईक जांभया देऊन दमायचं, पण हा बोल्ट आवळायचा नाही.

आता अशा माणसानं सख्ख्या भावाची मोटर कशी बसवली असेल? तर अंदाजानं!

धाकट्यानं साठवलेले सगळे पैसे घालून जुनी बोट घेतली होती, माणसं पैलतीरी पोचवायला. मागची फळी वरून झिजली होती म्हणून सुतारानं तिच्यावर एक जाड पट्टा ठोकून दिला होता. मोटर बसवायच्या दिवशी सूतभरकडे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यानं बोट ठोकळ्यांवर चढवलीही नाही. वाळूतच मोटर टांगली, एक डोळा मिटून बघितलं आणि पाना हातात घेतला.

“दादा, फळी उंच झालीय. एकदा पट्टी लावून बघू?” धाकटा म्हणाला.

“घरच्या कामाला कसली पट्टी? तू शेंबडा होतास तेव्हापासून मोटरी बसवतोय मी.”

धाकट्यानं मोटर धरून दिली. लहानपणापासून दादापुढं गप्प बसायचीच सवय त्याला.

महिन्याभरात बोटीला ‘रडकी’ नाव पडलं. सरळ जायची गुणी बाळासारखी, पण वळण आलं की मोटर भोकाड पसरायची आणि बोट तिथंच डुलत राहायची. बायाबापड्या घाबरून दुसऱ्या बोटीत बसायला लागल्या. एक दिवस धाकटा दबक्या आवाजात म्हणाला, “दादा, मोटर जरा खाली घेऊन बघतोस का?” नेमकी तेव्हा धक्क्यावर गर्दी होती. सूतभरच्या डोक्यात तिडीक गेली.

“नाचता येईना अंगण वाकडं! हात तुझे कच्चे आणि दोष माझ्या मोटरीला?”

सगळे खो-खो हसले. कुणीतरी “घ्या, अंगण वाकडं!” म्हणून टाळी दिली. धाकटाही कसनुसा हसला. पुढच्या महिन्यात त्यानं बोट एका कोळ्याला मिळेल त्या किमतीला विकली आणि लांबच्या शहरात गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. पाण्यावर वाढलेला माणूस तो, दिवसभर एका लोखंडी दारापाशी खुर्ची टाकून बसायला लागला. सूतभर लोकांना सांगायचा, “चिकाटीच नाही पोरात.”

तीन वर्षांनी तोच कोळी बोट घेऊन आला. “मिस्त्री, ही वळणावर लई बोंबलते. सांभाळून घेत होतो, पण आता वैताग आला.”

परक्याचं काम ते. सूतभरनं बोट ठोकळ्यांवर चढवली, तळाला पट्टी लावली, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. पत्रा तळाच्या रेषेपासून चांगला तीन बोटं वर होता. सूतभर कसलं, तीन बोटं! त्यानं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. मेलं, पट्टी काही खोटं बोलेना.

सुतारानं ठोकलेला पट्टा त्यानं उपसून काढला, फळी सारखी केली, मोटर खाली घेतली. अर्धा तास लागला सगळ्याला. मग स्वतः बोट पाण्यात नेली आणि मुद्दाम गरकन वळवली. मोटर हूं का चूं करीना. त्यानं दोनदा, चारदा वळवली. काठावरून कोळी ओरडत होता, “झकास झालं की मिस्त्री!” आणि सूतभरला मात्र डोळ्यांपुढचं धड दिसत नव्हतं. अर्ध्या तासाचं काम होतं हो, फक्त अर्ध्या तासाचं.

काठावर येऊन त्यानं भावाला फोन लावला. नमनाला घडाभर तेल नाही, एकदम बोलला.

“अंगणच वाकडं होतं रे. तीन बोटं. चुकलो मी.”

“माहीत आहे मला, दादा. बसवलीस त्याच संध्याकाळी मी मोजलं होतं.”

“मग मोजलंय असं बोलला का नाहीस, गाढवा? दुसऱ्या मिस्त्रीकडून तरी करून घ्यायचंस!”

“दुसऱ्याकडून? सख्खा भाऊच तुझं काम उकलून घेतोय म्हटल्यावर तुझ्याकडं कोण आलं असतं?”

पलीकडं लोखंडी दार करकरत उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी धाकट्याला हाक मारत होतं.

“आता वळणावर ओरडत नाही ना?” धाकट्यानं घाईघाईनं विचारलं.

“नाही.”

“बरं झालं. चांगली होती रे बोट.”