उजव्या चाकाचा नारळ

"चाक रडतंय," सिद्धेश्वरी म्हणाली.

राजशेखर हसला. "चाक रडत नसतंय. बेअरिंग गेलंय."

"म्हंजे रडतंयच की."

लग्नानंतर इतकी वर्षं झाली, तरी तिच्याशी वाद घालून तो कधी जिंकला नव्हता. आणि आवाज त्यालाही ऐकू आला होता. फियाटचं पुढचं उजवं चाक. वेग घेतला की गुरगुरायचं, वळणावर किंचाळायचं.

राजशेखरचा उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला. टॉवेलच्या मागांवर तो जॉबर होता. माग बिघडला की जॉबरला हाक जायची. अख्खी शेड खडखडत असताना कुठला माग आजारी आहे, हे त्याला दारातच कळायचं. घरी मात्र बायकोनं दोनदा हाक मारल्याशिवाय तो ओ द्यायचा नाही. कारखान्यातल्या आवाजानं कान गेले, असं तो म्हणायचा. सिद्धेश्वरी म्हणायची, कान शाबूत आहेत, लक्ष गेलंय.

आकाशी रंगाची ती फियाट त्याच्या वडिलांनी, गुरुबसप्पांनी घेतलेली. कापडाचे गठ्ठे वाहिले तिनं, वऱ्हाड वाहिलं, गाभण म्हैस सोडून सगळं वाहिलं असं ते सांगायचे. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा राजशेखरनं खोल्या लहान केल्या, पण गाडीचं छप्पर आधी घातलं.

या घराची एक रीत होती. लेक बाळंतपणाला माहेरी आली, की परत सासरी जाताना बाळाला याच गाडीतून न्यायचं. राजशेखरच्या बहिणी अशाच गेल्या. प्रत्येकीचं बाळ मागच्या सीटवर, आजीच्या मांडीवर. आता त्याची एकुलती एक लेक चंद्रिका बाळंतीण होऊन घरात होती. तिला मुलगी झाली होती. गुरुवारी बाळ अक्कलकोटला बापाच्या घरी जाणार होतं.

जावयाचा, श्रीशैलचा फोन आला.

"मामा, मी माझी गाडी घेऊन येतो. एसी आहे. बाळाला धूळ नको."

"श्रीशैलराव, या घरचं बाळ फियाटमधून जातं."

"पण तो आवाज, मामा..."

"बेअरिंग बदलतोय. बाळाला झोप लागंल असा आवाज करतो."

"आणू की जावयाची गाडी," सिद्धेश्वरी म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, पण श्रीशैलचे शब्द कानात राहिले. पण तो आवाज, मामा. दवाखान्यातून बाळ घरी आणलं तेव्हा श्रीशैल पुढं बसला होता. विजापूर रोडला त्यानं दाराची कडी घट्ट धरली. ते बघून राजशेखरनं मुद्दाम गाडी पळवली. काटा सत्तरवर नेला. "जुनं हाय, पण मरतुकडं न्हाय," असं म्हणाला. मागं चंद्रिका, सिद्धेश्वरी आणि पाच दिवसांचं बाळ.

मंगळवारी दुपारी हरिदास आला. हरिदास मिलिंदनगरचा. राजशेखरच्याच कारखान्यात तो लेथवर होता. निवृत्त झाल्यावर दोघं रोज एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा घेत नसत.

"काय बे, म्हातारीचं गुडघं गेलं म्हणं?"

"तुझं गेलंत. हिचा एकच खुबा दुखतोय."

मागच्या चाकांना दगड लावले. पुढून गाडी उचलली, खाली लोखंडी घोडी दिली. उजवं चाक काढलं. मधला गोल भाग, ज्यावर चाक बसतं तो हब, उघडा पडला. त्याच्या टोकाला ग्रीस राखणारी पत्र्याची टोपी होती. टोपी चेपून पार पोह्यासारखी झाली होती.

"हिला कुणी मारलंय एवढं?" हरिदासनं विचारलं.

राजशेखरला हसू आलं. गुरुबसप्पांची शिस्त होती. दर अमावस्येला गाडीची पूजा. नारळ फोडायचा तो दगडावर नाही, उजव्या चाकावर. चाकाच्या बरोबर मधोमध. ते गेल्यावर ते काम सिद्धेश्वरीनं घेतलं. तिचा नेम सासऱ्यापेक्षा पक्का. चाकाचं चकचकीत झाकण कधीच उडून गेलं होतं, त्यामुळं नारळ थेट या टोपीवर बसायचा. मग त्याचं पाणी, हळद, कुंकू सगळं तिथंच. एक अमावस्या चुकली नाही.

हरिदासनं छिन्नी लावली, दोन ठोके दिले. टोपी सुटली. तिच्यासोबत करवंटीचा एक कपचा खाली पडला. आत ग्रीस नव्हतंच. तांबूस चिखल होता. वास आंबूस.

"प्रसाद झालाय की बे आत!" हरिदास म्हणाला. "घे, हात पुढं कर."

राजशेखर हसत पुढं झाला. त्यानं बोटानं चिखल काढला. आणखी काढला. मग त्याचं हसणं थांबलं.

गाडीचं पुढचं चाक एका पोलादी दांड्याभोवती फिरतं. दांडा आणि चाक यांच्यामध्ये दोन बेअरिंगं, आणि बाहेरून एक मोठा नट. नट ढिला होऊ नये म्हणून त्यातून आरपार एक पिन. एवढ्यावर चाक गाडीला धरून असतं.

नट जागेवर नव्हता. तो दांड्याच्या पार टोकाला आला होता, शेवटच्या आट्यावर. हरिदासनं त्याला बोट लावलं. पान्याची गरज पडली नाही. नट त्याच्या तळहातात पडला.



छपरावर कावळा चालत होता. त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

"पिन कुटाय?" हरिदासनं विचारलं.

राजशेखर दांड्याचं टोक बोटानं पुसत राहिला.

"शेखर, पिन कुटाय?"

"पिन नव्हती."

"मग काय व्हतं?"

"तार."

हरिदासला पुढचं विचारावं लागलं नाही. मागाची तार. कारखाना सोडताना राजशेखरनं तिचं एक भेंडोळं घरी आणलं होतं. त्या तारेनं त्यानं चष्म्याची दांडी बांधली, गिझरचं झाकण बांधलं, देवघराची कडी बांधली. मागे एकदा स्वतःच चाकात ग्रीस भरताना जुनी पिन मोडली. दुकानापर्यंत कोण जातो? तार तीन पदरी पिळून भोकातून घातली. मागावर ही तार कधी तुटली नव्हती. पण मागावर कुणी नारळ फोडत नाही. आता त्या भोकात फक्त गंजाचा भुगा होता. फुंकर मारली तर उडाला.

"मग चाक कशानं ऱ्हायलं रं?" हरिदास हळूच म्हणाला.

त्यानं हब दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. हालला नाही. राजशेखरनं ओढला. दोघांनी मिळून ओढला. गाडी घोडीवर हालली, हब जागचा हालला नाही.

हरिदासनं बॅटरी लावून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाहेरल्या बेअरिंगची आतली कडी दांड्याला धरलीय. गंजानं. वेल्डिंग केल्यागत." तो मागं सरला. "चाक तिनं धरलं व्हतं. दुसऱ्या कशानं न्हाय."

राजशेखर जमिनीवर बसला.  विजापूर रोड. सत्तर. समोरून उसाचा ट्रक आला होता, त्याला घासून त्यानं गाडी काढली होती. आसऱ्याच्या पुलावर चाक किंचाळलं तेव्हा बाळ दचकून उठलं होतं आणि तो म्हणाला होता, नातीला गाडीची ओळख झाली.

"पाणी पी," हरिदास म्हणाला.

"काढ ती कडी."

"आधी पाणी पी की बे."

"काढ म्हणतो न्हवं!"

काढायची कशी, हाच सवाल होता. आधी तेल सोडलं, वाट बघितली. मग पुलर लावला. त्याच्या तीन नख्या हबला मागून धरतात, मधला स्क्रू दांड्यावर दाबत जातो. हरिदासनं स्क्रू आवळला, राजशेखरनं पान्याला पाइप घालून आवळला. पुलरची एक नखी सटकली आणि सणकन भिंतीवर जाऊन आदळली. पोपडा पडला. आतून सिद्धेश्वरीचा आवाज आला, "अवो, काय पाडलं?"

"काय न्हाय!"

ब्लो लॅम्पनं तापवलं. हळद-खोबरं करपल्याचा वास सुटला, लग्नघरासारखा. कडी लाल व्हायची वेळ आली, तरी सुटेना. एरवी राजशेखरनं तिला शंभर शिव्या दिल्या असत्या. आज त्याच्या तोंडातून एक निघेना. जिनं नातीला घरापर्यंत आणलं, तिलाच तो तोडत होता.

बेअरिंगचा बाहेरचा पिंजरा तोडून छर्रे काढले, तेव्हा कुठं हब मागं आला. दांड्यावर कडी तशीच. शेवटी ग्राइंडर. हरिदासनं कडीला तिरका काप घेतला, दांड्याला पातं लागणार नाही इतकाच. कापात छिन्नी ठेवली.

"मार."

राजशेखरनं हातोडा उचलला. नेम धरला, परत धरला.

"दे हिकडं. माझं बोट हाय तितं," हरिदास म्हणाला. त्यानं स्वतःच घाव घातला. टण्ण! कडी दोन तुकडे होऊन पडली.

पुढचं काम सोपं होतं. आतल्या बेअरिंगची कडी पुलरनं निघाली. दांडा पॉलिश पेपरनं घासला. हरिदासनं त्याच्यावरून नख फिरवलं, भिंगातून बघितलं, भेग नव्हती. हबमधल्या बेअरिंगच्या जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या बसवल्या. तळहातावर ग्रीस घेऊन नवी बेअरिंगं भरली. नट. मग पिन. हरिदासनं पिनेची दोन्ही टोकं वाकवली आणि राजशेखरकडं बघितलं. राजशेखरनं स्वतः वाकून बघितलं. बोटानं चाचपलं. परत चाचपलं. वर नवी टोपी.

चाक चढवून फिरवलं. फिरत राहिलं. कसलाच आवाज नाही.

"झालं की. ने आता नातीला, ऐटीत."

"न्हाय."

"आरं, सगळं नवं हाय. मी माझ्या नातवाला बसवीन हिच्यात."

"तुझा बसव. माझी न्हाय बसत."

"खुळा हायस का? आता घाबरतूस? घाबरायचं तवा सत्तरवर पळवत व्हतास."

हे बोलल्यावर हरिदासलाच वाईट वाटलं. राजशेखर मात्र मान डोलावत राहिला. बरोबर होतं ते.

सिद्धेश्वरी चहा घेऊन आली. राजशेखरनं तिच्या हातात चेपलेली टोपी दिली, मग नट दिला, मग कडीचे दोन तुकडे. आणि सांगितलं. तार सांगितली. नारळाचं पाणी सांगितलं. सत्तर तिला माहीत होतं, ती मागंच बसली होती.

तिनं ट्रे खाली ठेवला. "अय्यो," एवढंच म्हणाली. आतल्या खोलीत बाळ किरकिरलं, चंद्रिका त्याला थोपटत होती. ते थोपटणं थांबेपर्यंत सिद्धेश्वरी उभीच राहिली. कडीचे तुकडे तिच्या मुठीत होते.

मग म्हणाली, "देवानंच धरलं चाक. बाळाला ह्याच गाडीतनं न्यायचं."

"तूच म्हणत व्हतीस, जावयाची आणू."

"तवा मला म्हायती नव्हतं."

"मला आता म्हायती झालंय," राजशेखर म्हणाला. "देवाला एवढ्या कामाला लावायचं न्हाय परत."

त्यानं फोन उचलला. तेलकट अंगठ्यानं दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा श्रीशैल बोलला.

"श्रीशैलराव, गुरुवारी तुमची गाडी आणा."

"मामा, बेअरिंग झालं नाही का?"

"झालं."

"मग?"

राजशेखरला सांगायचं होतं.  "आल्यावर सांगतो," तो म्हणाला. "समोर बसून सांगतो. तुमी दाराची कडी धरली व्हती, ते बरोबर व्हतं."

 "येतो मी, सकाळीच," श्रीशैल म्हणाला.

गुरुवारी श्रीशैलची पांढरी गाडी दारात लागली. राजशेखरनं त्याला छपराखाली नेलं आणि सगळं सांगितलं.  श्रीशैलनं सासऱ्याच्या हातातले कडीचे तुकडे घेतले, उलटसुलट केले, परत दिले. मग जाऊन बाळाला चंद्रिकेकडून स्वतःच्या हातात घेतलं, आणि निघेपर्यंत सोडलं नाही.

सिद्धेश्वरीनं बाळाची दृष्ट काढली. नारळ घेऊन ती सवयीनं फियाटकडं वळली, उजव्या चाकापाशी वाकली. थांबली. मग फाटकाशी गेली आणि तिथल्या दगडावर नारळ फोडला.

पांढरी गाडी निघाली. मागून फियाट. राजशेखर एकटाच जाणार होता, पण सिद्धेश्वरी शेजारचं दार उघडून आत बसली.

"तू तिकडं बस की, बाळापाशी."

"चला."

अक्कलकोट रोडला कारखाने मागं पडले. पुढच्या गाडीची काच दिसत होती, काचेत चंद्रिकेचं डोकं. राजशेखरनं काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही. मागून फटफट्या हॉर्न देत पुढं गेल्या.

"आवाज येतोय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

एक वळण गेलं.

"आता?"

"न्हाय हो."

पुढची गाडी लांब गेली, ठिपका झाली. त्यानं वेग वाढवला नाही.

"नीट ऐक. माझ्या कानाचा भरवसा न्हाय."

"ऐकतीय," ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूला झुकून तिनं उजव्या चाकाच्या दिशेनं कान केला.