मुकुंदरावांची धाकटी बोट

बोट पाण्यात चालते त्याच्या दुप्पट गप्पांत चालते. मुकुंदरावांच्या दोन्ही बोटींचे किस्से आमच्या नेरूळच्या कट्ट्यावर इतके साचलेत, की कुठला आधी सांगावा तेच कळत नाही.

मुकुंदराव गोदीतून रिटायर झालेले इंजिनिअर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी केबिनवाली मोठी जुनी बोट घेतली. ती उरणजवळच्या खाडीत नांगरलेली असायची. रविवारी मी, साताऱ्याचे शिर्के आणि आणखी चार-पाच जण तिच्यावर जायचो. सुधावहिनी मात्र कधीच आल्या नाहीत. मुकुंदराव दर शनिवारी त्यांना विचारायचे, "उद्या येतेस?"

"तुमी तिथे नुसते हुकूम सोडता. तुमाला बायको नको, खलाशी हवाय!"

आम्ही हसायचो. मुकुंदराव हसायचे नाहीत.

*

एकदा ओहोटीचा अंदाज चुकला आणि बोट चिखलात बसली. भरती येईपर्यंत हलायची सोय नाही. शिर्के खाली वाकून म्हणाले, "मुकुंदराव, आमच्याकडं एवढा चिखल झाला की आमी भात लावतो!"

*

मुकुंदरावांच्या बायपासनंतर डॉक्टरांनी बोटीची दोराची शिडी चढायची नाही म्हणून बजावलं. मंडळीही पांगली होती. कुणी पुण्याला मुलाकडे गेलं, कुणाचे गुडघे गेले. शेवटी बोट विकली.

मुकुंदरावांनी किल्ली नव्या मालकाच्या हातात ठेवली. तो वर चढायला लागला, तसे हे खालून ओरडले, "चपला काढा!"

तो बिचारा हळूच म्हणाला, "साहेब, आता बोट माझी आहे."

परतताना जीप मुकुंदरावच चालवत होते. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

*

पुढच्याच महिन्यात तीच जीप एक ट्रेलर ओढत सोसायटीत शिरली. ट्रेलरवर जेमतेम दोघांपुरती बोट! सेक्रेटरी धावत आले. "पार्किंगमध्ये फक्त वाहनं लावायची!"

"मग याला चाकं नाहीत?"

"दोनच आहेत!"

"तुमच्या स्कूटरला किती आहेत?"

बोट राहिली. दाराशीच आल्यामुळे सुधावहिनी ती रोज झाडूनही काढायला लागल्या.

*

पहिल्यांदा पाण्यात सोडली तो दिवस! बेलापूरच्या खाडीचा उतार, हार, नारळ, सगळं साग्रसंगीत. ट्रेलर पाण्यात गेला आणि बोट भरायलाच लागली. छोट्या बोटीच्या तळाला पाणी काढायचं भोक असतं, त्याला पाण्यात उतरण्याआधी बूच लावायचं असतं. मोठ्या बोटीवर ही भानगड कधी नव्हती. बूच मुकुंदरावांच्या खिशात होतं!

शिर्के म्हणाले, "टेन्शन नका घेऊ, आतून धुऊन निघाली!"

*

त्यानंतरच्या रविवारी बोटीत बसायचा नंबर शिर्क्यांचा होता. सुधावहिनी डबा द्यायला म्हणून जीपमधून आल्या होत्या. शिर्के पँट दुमडत होते, तेवढ्यात वहिनींनी पदर खोचला. "भाऊजी, सरका जरा." आणि बोटीत जाऊन बसल्या!

मुकुंदराव गुडघाभर पाण्यात तसेच उभे.

"बघताय काय? या ना!"

ते चढले. इंजिनाकडे न जाता त्यांनी दोन वल्ही काढली. एक वहिनींनी मागून घेतलं. यांचा एक जोर, त्यांचा दुसरा. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. वहिनी मोठमोठ्याने हसत होत्या.

शिर्के काठावरून ओरडले, "अहो, इंजिनाची दोरी तर ओढून बघा!"

मुकुंदरावांनी नुसता हात हलवला.