गोलकीपरचे चाळीस रुपये

आमच्या वस्तीतल्या फुटबॉल क्लबचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. खेळायचो लेफ्ट बॅकला. सेक्रेटरी केलं ते मी मॅट्रिक होतो आणि मला इंग्रजीत अर्ज लिहिता यायचा म्हणून. वस्ती पिंपरी आणि आकुर्डीच्या मधली. निम्मी घरं आमची, बौद्धांची. त्यातल्या बहुतेक बापांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकऱ्या केलेल्या. उरलेली निम्मी बीड, उस्मानाबाद, सातारा अशा ठिकाणांहून कारखान्यांमागं आलेली.

क्लब काढला होता एका रिटायर हवालदारांनी. पलटणीत ते सेंटर हाफ खेळायचे. आम्ही त्यांना हवालदार काका म्हणायचो. मैदानासाठी ते गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं गेले तेव्हा मी बरोबर होतो. म्हातारा म्हणाला, "खेळा की. आमी तितं काय पिकवतोय? नुसता मुरूम हाय." कागद वगैरे काही झाला नाही. पुढं दीड वर्ष, दर गुरुवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीला, वस्तीतली बाया-माणसं तिथले दगड वेचत होती. माझी आई पाटीतून दगड वाहायची आणि बांधाला रचायची. तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं.

पगाराच्या दिवशी प्रत्येक घरातून एक रुपया वर्गणी. त्यातून बूट, चेंडू, पुण्याच्या लीगची फी. जिंकलेल्या बक्षिसांचे पैसेही त्यातच पडायचे. क्लबचा फंड म्हणजे एवढाच.

आमचा गोलकीपर बीडकडचा. एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होता, आमच्या शेजारच्या चाळीत बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन राहायचा. उंचीनं फार नव्हता, पण समोरच्याच्या पायात उडी टाकताना डोळे मिटायचा नाही. खडकीच्या एका मॅचमध्ये अशीच उडी टाकली आणि नडगी मोडली. आवाज मला बॅकच्या जागेवर ऐकू आला. ससून हॉस्पिटलमध्ये प्लॅस्टर घातलं, ते काढल्यावर पाय किंचित वाकडाच राहिला. मशीनपुढं आठ तास उभं राहणं जमेना. वर्कशॉपनं त्याला काढून टाकलं.

त्या आठवड्यात काकांनी कमिटी बोलावली. ते म्हणाले, "टीमसाठी मोडलाय, टीमनं बघायचं. महिन्याला चाळीस रुपये. त्याला काम मिळेपर्यंत. लिहून घे रे."

मी ठरावाच्या वहीत लिहून घेतलं. पुढची दोन वर्षं दर महिन्याला मी त्याच्या घरी जाऊन चाळीस रुपये देत होतो. त्याची बायको चहा करायची. तो म्हणायचा, "सही कुठं करू?" मी म्हणायचो, "राहू दे." तरी तो करायचाच.

मग एका कंपनीचा प्रस्ताव आला. कंपनी मोठी होती. तिचा संघ दिल्ली, कलकत्ता, हैदराबादच्या स्पर्धांना जायचा, पेपरात नाव यायचं. त्यांच्याकडं स्वतःचं मैदान नव्हतं, आणि स्थानिक खेळाडू दिसले पाहिजेत असं वरून कुणीतरी म्हटलं होतं. आमचा क्लब त्यांच्या क्लबात विलीन करायचा असं ठरत होतं. बोलणी करायला त्यांचे स्पोर्ट्स ऑफिसर वस्तीत आले. तिशीतला माणूस, स्वच्छ पांढरे बूट, बोलायला गोड.

त्यांनी सांगितलं: आमच्यातल्या आठ खेळाडूंना कंपनीत परमनंट नोकरी. मैदानाची जागा कंपनी त्या शेतकऱ्याच्या मुलांकडून रीतसर विकत घेणार. म्हातारा तोवर वारला होता. क्लबचा फंड नव्या क्लबात जमा.

काका म्हणाले, "फंड घराघरातून आलाय, साहेब. तो त्या घरांना परत जाऊ दे. नाहीतर वस्तीतल्या कामाला लागू दे."

साहेब म्हणाले, "फंड क्लबचा आहे. क्लब आमच्यात आला, म्हणजे फंड आमच्यात आला."

"मग तुमच्या कंपनीचा फंडपण आमच्यात आला का?"

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांनी फाइलचं पुढचं पान उलटलं.

"आणि मैदानाचं काय?" काकांनी विचारलं. "दगड आमच्या बायकांनी वेचलेत."

"जमीन तुमच्या नावावर आहे का?"

"नाही."

"मग?"

काकांनी तो विषय तिथंच सोडला. मला वाटतं, आठ परमनंट नोकऱ्या त्यांच्याही डोक्यात बसल्या होत्या. त्या काळी आम्ही सगळेच टेंपररी. सहा महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी, की पुन्हा गेटवर उभं राहायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि माझा पाचवा ब्रेक चालू होता. लग्न ठरत नव्हतं, कारण मुलीकडचे पहिला प्रश्न हाच विचारायचे, परमनंट आहे का.

मंजुरीसाठी सर्व सभासदांची सभा झाली, बुद्धविहाराच्या पटांगणात. कराराचा कागद इंग्रजीत होता. तो मराठीत वाचून दाखवायचं काम माझं. कागद माझ्याकडं चार दिवस आधी आला होता. सोबत आठ जणांची यादी होती. माझं नाव सातवं होतं.

एकूण चौदा कलमं. चौथ्या कलमात फंड नव्या क्लबात जाणार असं होतं. अकराव्यात म्हटलं होतं की विलीनीकरणाआधी जुन्या क्लबनं कुणालाही काही द्यायचं कबूल केलं असेल, तर ते नव्या क्लबवर बंधनकारक राहणार नाही. म्हणजे पैसे जाणार आणि चाळीस रुपयांचा ठराव मागं राहणार. मला ते पहिल्या वाचनातच कळलं. मी चार दिवस त्याबद्दल कुणाशी बोललो नाही. काकांशीही नाही.

सभेत मी एकेक कलम वाचत गेलो. अकरावं आलं तेव्हा मी वाचलं, "जुनी देणीघेणी जुन्या क्लबकडं राहतील." एवढंच. आवाज बदलला नाही. खोटं म्हणावं तर तसं नव्हतं. पण जुना क्लब दुसऱ्या दिवसापासून असणारच नव्हता. गोलकीपर पुढच्याच रांगेत बसला होता, पाय लांब करून. त्यानं मान हलवली. मी बारावं कलम घेतलं.

हात वर करून मंजुरी झाली. माझी आईही त्यात होती.

त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं, निदान भीती तरी. काहीच वाटलं नाही. घरी येऊन मी जेवलो. आईनं विचारलं, "झालं का सगळं?" मी म्हणालो, "झालं."

पुढच्या महिन्यात कंपनीत लागलो. पहिल्या तारखेला स्पोर्ट्स ऑफिसकडं गेलो आणि साहेबांना चाळीस रुपयांचं सांगितलं. साहेब म्हणाले, "लेखी दे. बघू." मी लेखी दिलं. महिन्याभरानं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "अरे, करार तूच वाचला होतास ना?" त्यानंतर मी विचारलं नाही.

पाच महिने ते पैसे मी माझ्या पगारातून दिले. त्याला सांगितलं नाही की ते माझे आहेत. तो आधीसारखीच सही करायचा. मग माझं लग्न झालं, खोली बदलली, भाडं वाढलं. सहाव्या महिन्यात त्याच्या दारात उभं राहून मी त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, या महिन्यापासून बंद झालं." ती म्हणाली, "बरं." आतून त्याचा आवाज आला, "चहा घेऊन जा की." मी शिफ्ट आहे म्हणालो. शिफ्ट नव्हती.

वहिनी त्यानंतर चिंचवडला एका पॅकिंगच्या कारखान्यात जाऊ लागली. थोरल्या मुलीची शाळा सुटली. हे मला आईकडून समजलं.

नव्या क्लबात बाहेरून आणलेले खेळाडू होते. गोव्याचे, केरळचे, हैदराबादचे. त्यांना हॉस्टेल, दूध, अंडी. चांगलेच खेळायचे, त्यात खोट नाही. आम्ही आठ जण बाकावर. संघाबरोबर मी दिल्लीला गेलो, कलकत्त्याला गेलो, आणि सगळं मिळून दोन मॅच खेळलो, त्यातली एक अर्धीच. प्रवासभत्ताही आम्हाला त्यांच्या निम्मा. याबद्दल आमच्यातल्या एकानं तक्रार केली. त्याची बदली स्टोअरमध्ये झाली. बाकीचे आम्ही गप्प बसलो. मैदानाला तारेचं कुंपण झालं. आत जायला पास लागायचा. काकांना सल्लागार म्हणून पास दिला होता. ते एकदा आले, टचलाइनला उभं राहून अर्धा तास सराव पाहिला आणि गेले. पुढं ते साताऱ्याकडच्या आपल्या गावी राहायला गेले. जाताना भेटायला आले नाहीत. मीही गेलो नाही.

ऐंशी सालानंतर कारखान्यांची हवा बदलली. कंपनीत संप झाला, मग टाळेबंदी, मग तडजोड. तडजोडीनंतर आठ दिवसांत नोटीस बोर्डावर कागद लागला: फुटबॉल विभाग बंद. बाहेरचे खेळाडू आपापल्या गावी गेले. आमची नोकरी राहिली, कारण आम्ही कागदावर कामगारच होतो. मैदानावर तयार मालाची शेड उभी राहिली. आईच्या पाटीतले दगड शेडच्या पायाभरणीत गेले असतील. विचारलं नाही.

त्याच सुमारास एकदा माझ्या सायकलचा ब्रेक गेला. आकुर्डीच्या रस्त्याला एक सायकलचं दुकान होतं. गोलकीपरनं ते काढलंय हे मला माहीत होतं, म्हणून मी नेहमी अलीकडच्याच गल्लीत वळायचो. त्या दिवशी वेळ नव्हता. तो पाटावर बसून स्पोक आवळत होता, वाकडा पाय बाजूला लांब ठेवून. केस पिकले होते.

"ये भाऊ," तो म्हणाला. जणू कालच भेटलो होतो. सायकल घेतली, ब्रेकची तार काढली.

मी स्टुलावर बसलो. "वहिनी कशा आहेत?"

"ठीक. कारखान्यातच हाय अजून. थोरलीचं लगीन झालं. तुला बोलवायचं राहिलं."

"असू दे."

तो तार ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "टीम बंद केली म्हणे."

"हो."

"तू त्या सभेत कागद वाचलास ना," तो म्हणाला, "तेव्हा मह्या चाळीस रुपयांचं मला कळालं होतं."

तो तार ओढतच पुढं बोलत राहिला.

"जुनी देणी जुन्याकडं. म्हणजे मी. मी उठून नाही म्हणावं तर तुमच्या आठ जणांचं नुकसान. मला वाटलं, कुणीतरी बोलेल." तार ताणून त्यानं नट आवळला. "काकांकडं पाहिलं. तुझ्याकडं पाहिलं. मग तू बारावं वाचायला लागलास."

रस्त्यावरून कंपनीची बस गेली. त्यानं चाक फिरवलं, ब्रेक दाबून पाहिला. "बघ, लागतोय का."

मी दाबला. लागत होता. "किती झाले?"

"दीड रुपया."

मी दोनची नोट दिली. त्यानं डब्यातून आठ आणे काढून परत दिले. मी ते घेतले आणि सेकंड शिफ्टला गेलो.

शिफ्ट संपवून घरी आलो तेव्हा बायको जागी होती. ती ताट वाढत असताना मी तिला सगळं सांगितलं. सभेचं, अकराव्या कलमाचं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे तिला माहीत नव्हतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?" तिनं विचारलं.

"काही नाही."

ती मग आमटी गरम करायला उठली. मी भाकरी मोडली आणि जेवायला लागलो.